चंद्रावरचा ससा तिथे काय करतो?

लवासात चंद्र उशिरा दिसतो. पंचांगातली चंद्रोदयाची वेळ सपाट क्षितिजाची असते आणि हे गाव तर मोसे नदीच्या खोऱ्यात, वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी, डोंगरांच्या कुशीत वसलेले. पौर्णिमेचा चंद्र डोंगरमाथ्यावर येईपर्यंत त्याची लाली ओसरलेली असते आणि डाग ठळक झालेले असतात. ससा पाहायला ही वेळ उत्तम. दुर्बीण नको, दुर्बिणीत विवरे दिसतात, ससा हरवतो.

पूर्वेकडे तोंड करून चंद्रबिंबाच्या वरच्या कडेजवळ पाहा. तिथे एक सुटा, लंबगोल, काळसर ठिपका आहे. तो सशाचा भाग नाही, नुसती खूण म्हणून धरायचा. त्याच्या खालचा मोठा डाग म्हणजे सशाचे डोके. डोक्यापासून उजवीकडे निघालेले दोन लहान डाग हे कान. डोक्याच्या खाली डावीकडून उतरत गेलेला काळा पट्टा म्हणजे पाठ आणि पोट. ससा मागच्या पायांवर उभा आहे, उजवीकडे तोंड करून. त्याच्या पुढ्यात, उजवीकडे खाली, आणखी एक काळी खूण दिसते. आपण तिच्याकडे लक्ष देत नाही. चीनमधल्या माणसाला मात्र तीच आधी दिसते, कारण तो खल आहे आणि ससा त्यात औषध कुटतो आहे.

रात्र चढते तसा हा ससा कलंडू लागतो. मध्यरात्री आडवा होतो आणि पहाटे पश्चिमेला मावळताना त्याचे डोके खाली आलेले असते. चंद्र स्वतः असा फिरत नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाशातला त्याचा मार्ग आपल्या क्षितिजाशी वेगवेगळे कोन करतो, त्याचा हा परिणाम. लवासाचा अक्षांश अठरा-साडेअठरा अंश आहे, बीजिंगचा चाळीस. शरदातल्या पौर्णिमेच्या सुमारास उगवतीपासून मावळतीपर्यंत सशाची ही कोलांटी आपल्याकडे साधारण १४५ अंशांची होते, बीजिंगमध्ये १०० अंशांची. म्हणजे आपला ससा पहाटेपर्यंत त्यांच्या सशापेक्षा बराच जास्त उलटा झालेला असतो. लोककथांना याची दखल घ्यावीशी वाटलेली नाही. कथेतला ससा नेहमी संध्याकाळचा असतो, ताठ उभा.

लवासा आखताना डोळ्यांसमोर इटलीतले पोर्टोफिनो होते, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. त्या रंगीत इमारतींपुढे उभे राहून चंद्राकडे पाहताना एक गंमत ध्यानात ठेवावी: इटलीत जुन्या काळी चंद्रावर ससा दिसत नसे. भावाचा खून करणारा बायबलमधला केन पाठीवर काट्यांची मोळी घेऊन तिथे शिक्षा भोगतो आहे, अशी तिथली समजूत होती. दान्तेच्या महाकाव्यात या केनचा उल्लेख दोनदा येतो, एकदा नरकाच्या खंडात आणि एकदा स्वर्गाच्या. चंद्रावरच्या काळ्या डागांना आज जगभर रूढ असलेली नावेही एका इटालियनानेच दिली. बोलोन्याचा जेझुइट पाद्री रिचोली याने १६५१ मध्ये छापलेल्या ग्रंथात या डागांना समुद्र मानून त्यांची बारशी केली. सशाचे डोके झाले शांततेचा समुद्र. अंगावर पावसाचा समुद्र आला, आणि मुळशीचा पाऊस अंगावर घेतलेल्या माणसाला सांगायला हवे की तिथे पाण्याचा थेंब पडत नाही. एका कानाचे नाव सुपीकतेचा समुद्र, दुसऱ्याचे अमृताचा समुद्र. रिचोलीला चिनी सशाची खबर होती की नाही कोण जाणे, पण अमरत्वाचे औषध कुटणाऱ्या सशाच्या कानातच अमृत ठेवण्याचा योग त्याने साधला.

हे समुद्र म्हणजे थिजलेला लाव्हा. प्रचंड अशनींच्या आघाताने चंद्रावर खोल, विस्तीर्ण विवरे तयार झाली. पुढे आतला वितळलेला खडक भेगांतून वर आला आणि त्याने ती भरली. हा खडक बेसाल्ट. त्यात लोह भरपूर, म्हणून तो काळा. भोवतालचा उजळ भाग वेगळ्या, फिकट खडकाचा, त्याहून जुना. सशाचे बरेचसे अंग तीन ते पावणेचार अब्ज वर्षांपूर्वी घडले.

लवासाच्या रस्त्यावर घाट कापताना उघडा पडलेला काळा कातळही बेसाल्टच. आपल्याकडे त्याला काळवत्री म्हणतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्ह्याचे थर एकावर एक पसरत गेले. झीज होऊन उरलेले क्षेत्रच आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरते. सह्याद्रीच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या उतारात हे थर मोजता येतात. चंद्राचा बेसाल्ट आणि आपला बेसाल्ट तंतोतंत सारखे नाहीत. चांद्र खडकात पाणी जवळजवळ नाही, आणि काही ठिकाणी टायटॅनियम फार आहे. पण जात एकच. म्हणून तर चंद्राच्या अभ्यासकांना बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचे मोल वाटते: सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अशनीने थेट बेसाल्टमध्ये पाडलेले आहे आणि पृथ्वीवर असे विवर इतक्या चांगल्या स्थितीत दुसरीकडे सापडत नाही. आपले पाटे-वरवंटे, जाती आणि दगडी उखळे याच काळवत्रीची. तेव्हा चिनी सशाचा खल बेसाल्टचा निघाला, यात महाराष्ट्रातल्या पाथरवटाला काहीच नवल वाटले नसते.

सशाचा आकार असा खडकाने दिला. त्याला काम दिले माणसांनी, आणि ते काम देशोदेशी बदलत गेले.

चिनी बाजूने सुरुवात करू. ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातला कवी छू युआन याच्या नावावर असलेली एक विलक्षण रचना आहे. तिच्यात आकाश, पृथ्वी आणि पुराणपुरुष यांच्याविषयी नुसते प्रश्न विचारलेले आहेत. उत्तर एकाचेही नाही. त्यांतला एक प्रश्न चंद्राला उद्देशून आहे: पोटात हा प्राणी बाळगून तुझा फायदा काय? प्राण्यासाठी वापरलेला शब्द ससा दाखवतो असे बहुतेकांचे मत. विसाव्या शतकात वन यीदुओ या विद्वानाने तो बेडूक ठरवला. हा वाद निव्वळ पंडिती नाही, कारण चीनच्या चंद्रावर खरोखरच दोघे राहत होते.

याचा पुरावा १९७२ मध्ये जमिनीखालून वर आला. हूनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगदुई येथे एका सरदारपत्नीची कबर उघडली गेली. शिन झुई नावाच्या या बाईचा मृतदेह दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही इतका शाबूत होता की वैद्यांनी त्याचे रीतसर शवविच्छेदन केले. तिच्या शवपेटीवर रंगवलेले एक रेशमी वस्त्र पांघरलेले होते, आडव्या पट्टीखाली उभी पट्टी जोडावी तशा आकाराचे. त्याच्या वरच्या भागात उजवीकडे सूर्य आहे आणि सूर्यात कावळा. डावीकडे चंद्राची कोर आहे, आणि कोरीवर एक गलेलठ्ठ बेडूक बसला आहे. त्याच्या वर उडी घेतलेला, अंगाने बारीक असा ससा. काळ ख्रिस्तपूर्व १६८ च्या आसपासचा. या सशाच्या हातात अजून मुसळ नाही. तो नुसता उड्या मारतो आहे.

मुसळ हाती येते ते हान राजवटीच्याच पुढच्या काळात. त्या काळच्या कबरींतल्या दगडी शिल्पपटांवर आणि विटांवर पश्चिमेची राणीमाता शी वांगमू विराजमान असते. अमरत्वाचे औषध तिच्या ताब्यात, आणि ते कुटायला तिच्या दरबारी ससा. म्हणजे हा ससा मुळात देवीच्या दरबारातला कारागीर. त्याचे चंद्रावरचे काम या नोकरीतून आले असावे. मला हा तपशील फार आवडतो. आपल्या पुराणांत अमृत मिळवायला देव-दानवांनी समुद्र घुसळला, मेरूएवढा खटाटोप केला. चिनी कल्पनेत ते वैद्याच्या खलात रोज थोडे थोडे कुटले जाते आणि कधी पुरे होत नाही.

याच औषधापायी छांग-अ चंद्रावर गेली. आकाशात एकदम दहा सूर्य उगवले तेव्हा तिचा नवरा, धनुर्धर होऊ-यी, याने त्यांतले नऊ बाण मारून पाडले. राणीमातेकडून त्याला अमरत्वाचे औषध मिळाले, ते बायकोने चोरून खाल्ले आणि ती हलकी होऊन चंद्राकडे उडाली. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातल्या ‘ह्वाइनान्झ’ ग्रंथात या चोरीची नोंद आहे. पुढे ज्योतिषी झांग हंग याच्या लेखनात शिक्षा म्हणून ती तिथे बेडूक झाल्याचे येते, आणि मावांगदुईच्या बेडकाचा धागा जुळतो. नंतरच्या शतकांनी तिच्यावर दया केली. बेडूक मागे पडला, छांग-अ सुंदर, एकाकी देवी झाली आणि सोबतीला ससा उरला. आजच्या गोष्टीत तर नवऱ्याचा दुष्ट शिष्य औषध बळकावायला येतो म्हणून ती नाइलाजाने ते गिळते. चोरीचा डाग पुसण्याचे हे काम लोककथांनी किती शांतपणे केले! आणखी एक रहिवासी थांग काळात आला. नवव्या शतकात द्वान छंगशी याने लिहून ठेवले की चंद्रावर एक प्रचंड उंच वृक्ष आहे आणि वू गांग नावाचा माणूस शिक्षा म्हणून त्यावर कुऱ्हाड चालवतो. घाव घातला की लगेच भरून येतो.

मुळात चंद्रावर ससाच का? एक कारण आकाराचे, ते आपण पाहिले. दुसरे, जुन्या चिनी निसर्गज्ञानात ससा आणि चंद्र हे एकाच थंड, ओल्या, स्त्रीतत्त्वाचे. सशी चंद्राकडे पाहूनच गाभण राहते असे तिसऱ्या शतकातल्या झांग ह्वा याच्या संग्रहात आहे. प्रत्यक्षातला ससाही या जोडीला थोडी मदत करतो. आपला रानससा दिवसभर गवतात दबा धरून बसतो आणि रात्री चरायला निघतो.

आता आपला ससा. त्याचे घराणे निराळे आहे. चंद्राला शशी, शशांक म्हणणारी संस्कृत परंपरा त्याला गृहीतच धरते, पण तो तिथे पोहोचला कसा हे सविस्तर सांगते ती पालीतली जातककथा, क्रमांक ३१६, शशजातक. दुर्गा भागवतांनी ‘सिद्धार्थ जातक’ या नावाने जातककथा मराठीत आणल्या. त्यांच्यामुळे मराठी वाचकाला या जगाचा दरवाजा मोकळा झाला.

एका रानात ससा, माकड, कोल्हा आणि पाणमांजर असे चार मित्र राहत. सशाने एका रात्री चंद्राकडे पाहून उद्या उपोसथ, म्हणजे उपवासाचा दिवस, हे ओळखले आणि मित्रांना सांगितले की दारी येणाऱ्या याचकाला दिल्याशिवाय खायचे नाही. पाणमांजराला नदीकाठी पुरलेले मासे मिळाले. कोल्ह्याला शेतातल्या झोपडीत मांस, घोरपड आणि दह्याचे मडके. माकडाने आंबे आणले. पाणमांजराने आणि कोल्ह्याने आधी मालक आहे का म्हणून हाका मारल्या, आणि कोणी ओ दिली नाही म्हणून वस्तू उचलल्या. जातककाराचा हा तिरकस विनोद सहज नजरेतून सुटतो. सशाकडे मात्र गवताखेरीज काही नव्हते, आणि गवत माणसाला कसे वाढायचे? त्याने ठरवले की याचक आला तर आपले शरीरच द्यायचे. या निश्चयाने शक्राचे, म्हणजे इंद्राचे, आसन तापले. तो ब्राह्मणाच्या वेषात आला. सशाने त्याला विस्तव पेटवायला सांगितला. उडी घेण्यापूर्वी सशाने अंग तीनदा झटकले, केसांतले किडे आपल्यासोबत जळू नयेत म्हणून. साऱ्या कथेत मला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो. स्वतःचा जीव देणारे पुष्कळ भेटतात, पिसवांचा हिशेब ठेवणारा विरळा. आग बर्फासारखी थंड निघाली. शक्राने डोंगर पिळून त्याचा रस काढला आणि त्या रसाने चंद्रबिंबावर सशाचे चित्र रेखले.

म्हणजे आपल्या चंद्रावर ससा काहीच करत नाही. तो तिथे राहतदेखील नाही. ते चित्र आहे, एका कृत्याची नोंद. चिनी ससा जिवंत, कामात गढलेला, आणि त्याचे काम मरण टाळण्याचे. आपला ससा मरायला निघालेला. एकाच डागावर दोन संस्कृतींनी इतकी उलट गोष्ट सांगावी हे मोठे लोभस आहे.

या दोन सशांची गाठ एका माणसाने घालून दिली, आणि तो महाराष्ट्रातूनही गेला होता. चिनी बौद्ध यात्रेकरू ह्युएन त्संग ६२९ च्या सुमारास चीनमधून निघाला आणि ६४५ मध्ये परतला. पुढच्या वर्षी पुऱ्या झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात वाराणसीजवळच्या एका स्तूपाची हकिकत आहे. तिथे कोल्हा, माकड आणि ससा अशा तिघांचीच कथा त्याने ऐकली, पाणमांजर गळालेले. इंद्र भुकेला म्हातारा होऊन येतो. कोल्हा मासा आणतो, माकड फळे. रिकाम्या हाताने आलेल्या सशाला म्हातारा टोमणा मारतो. ससा मित्रांकरवी लाकडे गोळा करवतो, पेटवतो आणि उडी घेतो. पालीतल्यासारखी आग इथे थंड होत नाही. ससा खरोखर जळतो. हळहळलेला इंद्र त्याचे अवशेष उचलतो आणि ही कहाणी पुसली जाऊ नये म्हणून त्याला चंद्रावर ठेवतो. स्थानिक लोक सांगत की तेव्हापासून चंद्रावर ससा आहे. ह्युएन त्संगने हे टिपले, तेव्हा घरच्या चंद्रावरचा ससा त्याला आठवला नसेल असे कसे म्हणावे? पण त्याने तुलना केलेली नाही. यात्रेकरू म्हणून तो पुण्यस्थळांची नोंद घेत होता.

तोच ह्युएन त्संग ६४१ च्या आसपास महाराष्ट्रात आला. दुसऱ्या पुलकेशीचे राज्य, इथल्या लोकांचा ताठ स्वभाव, उपकाराला उपकार आणि अपमानाला सूड ही वृत्ती, हे सारे त्याने लिहिले. राज्याच्या पूर्व सीमेवरच्या डोंगरात, अंधाऱ्या दरीत असलेल्या एका विहाराचे वर्णनही केले: अचल नावाच्या अर्हताने तो उभारला आणि दाराबाहेर दगडी हत्ती आहेत. हे वर्णन अजिंठ्याचे मानले जाते; तिथल्या २६ क्रमांकाच्या लेण्यातल्या शिलालेखात अचल हे नाव आहेच. अजिंठ्याच्या २ क्रमांकाच्या लेण्यात आर्यशूराच्या ‘जातकमाला’ या संस्कृत काव्यातले श्लोक रंगवून लिहिलेले आहेत. ते दुसऱ्या कथांचे आहेत, पण त्याच जातकमालेतली सहावी कथा सशाची. हीच जातकमाला जावा बेटावरच्या बोरोबुदूरच्या कठड्यांवर दगडात कोरली गेली आणि तिच्यासोबत ससाही तिथे पोहोचला.

मग चीनचा ससा भारतातून गेला का? संस्कृतचे नामांकित चिनी पंडित जी श्येनलिन यांचे मत तसे होते. वाल्मीकींचे रामायण चिनी भाषेत आणणाऱ्या आणि २००८ मध्ये पद्मभूषणाने गौरवल्या गेलेल्या या विद्वानाचे मत सहज बाजूला सारता येत नाही. पण मावांगदुईचे रेशीम आडवे येते. बौद्ध धर्म चीनमध्ये रुजू लागला तो पहिल्या शतकात, आणि शिन झुईच्या शवपेटीवरचा ससा त्याआधी सुमारे दोनशे वर्षांचा. छू युआनच्या प्रश्नातला प्राणी ससाच असेल तर त्याहून जुना. मेक्सिकोतही देवांनी चंद्राचे तेज कमी करायला त्याच्या तोंडावर ससा फेकून मारल्याची अ‍ॅझ्टेक कथा आहे, आणि तिथे भारतातून कोणी गेले नव्हते. तेव्हा डागात ससा दिसणे हे अनेकांना आपापले सुचले, एवढे मान्य करायला हरकत नसावी. भारतातून जे गेले ते त्यागाचे कथानक. तिसऱ्या शतकात खांग सेंगहुई या भिक्षूने चिनी भाषेत आणलेल्या बोधिसत्त्वकथांत सशाची गोष्ट आहे. ह्युएन त्संगने चारशे वर्षांनी ती पुन्हा नेली. तरीही चिनी सशाने खल सोडला नाही. जपानने मात्र दोन्ही ठेवले: म्हाताऱ्यासाठी आगीत उडी घेणारा ससा तिथल्या जुन्या कथासंग्रहात आहे, आणि लहान मुलांना दाखवायच्या चंद्रावर ससा उखळात भात कांडून मोची करतो. कोरियातही तो भाताचे पीठच कांडतो. अमरत्वाच्या औषधापासून तांदळाच्या गोळ्यापर्यंतची ही उतरण मला तरी पसंत आहे. पोटाला ती जवळची.

सशाने त्यागाखेरीज आणखी एक धंदा आपल्याकडे केला, तो लबाडीचा. पंचतंत्रात दुष्काळाने तहानलेला हत्तींचा कळप चंद्रसरोवरावर येऊ लागतो आणि काठावरच्या बिळांतले ससे चिरडले जातात. विजय नावाचा ससा हत्तींच्या राजाला सांगतो की मी चंद्राचा दूत, चंद्र तुमच्यावर रागावला आहे. रात्री तो राजाला पाण्यापाशी नेतो. सोंड लागताच पाणी हलते, प्रतिबिंब थरथरते, आणि हत्ती समजतो की चंद्र रागाने कापतो आहे. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ही कथा अरबीत नेली आणि तिथून ती युरोपात गेली. वरसगावच्या पाण्यावर पौर्णिमेला वारा नसेल तर हा प्रयोग हत्तीशिवायही जमतो. एक खडा पुरतो.

सण पाहिले तर कोडे आणखी रंगते. चीनचा मध्यशरद उत्सव तिथल्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. ती बहुतेक वर्षी आपली भाद्रपद पौर्णिमा असते. आपली कोजागरी आश्विनातली, म्हणजे महिनाभर पुढची. दोन्हीकडे चांद्र महिने आणि अधिक मास आहेत, पण अधिक मास ठरवायची रीत वेगळी: आपले पंचांग सूर्याच्या निरयन राशींवरून हिशेब करते, चिनी पंचांग सायन स्थानांवरून. त्यामुळे अधिक मास वेगवेगळ्या वर्षी पडतात आणि कधी कधी दोन्ही पौर्णिमा जुळून येतात. २०२५ मध्ये चीनला सहावा महिना अधिक होता, आपल्याला त्या वर्षी अधिक मास नव्हता. परिणामी ६ ऑक्टोबरला त्यांचा चंद्रोत्सव आणि आपली कोजागरी एकाच रात्री आली. २०१७ मध्येही हे दोन्ही सण एका दिवसाच्या अंतराने आले होते.

त्या रात्री चीनमध्ये गोल, सारण भरलेले चंद्रपाव वाटतात. आपण आटीव मसाला दुधात चंद्र पाहतो. कोजागरीला लक्ष्मीबरोबर ऐरावतावर बसलेल्या इंद्राचीही पूजा सांगितली आहे, हे आता घरोघर विस्मरणात चालले आहे. जातकाचा वाचक मात्र इथे थबकेल, कारण चंद्रावर ससा काढणारा चित्रकार तोच. या दोन गोष्टी कोणी मुद्दाम जोडल्या असाव्यात असे मी म्हणणार नाही. पण पूजा त्याची आणि सही त्याची, दोन्ही एकाच रात्री समोर असतात.

चिनी सणाला मातीचा ससाही लागतो. बीजिंगमध्ये त्याला सशेबुवा म्हणावे अशा आदराने बोलावतात. अंगावर चिलखत, खाली बहुधा वाघ, आणि वर दोन लांब कान. शहरात साथ आली तेव्हा छांग-अने सशाला औषध देऊन खाली पाठवले, त्याने घरोघर जाऊन लोकांना बरे केले आणि वेळप्रसंगी देवळातून उसने घेतलेले चिलखत चढवले, अशी कथा आहे. मिंग काळापासून ही मूर्ती मुलांच्या हाती येत गेली. पूजाही तिची आणि खेळणेही तेच. महाराष्ट्रात याच्या जवळचे काही शोधायचे तर विदर्भ-खानदेशात जावे लागते. तिथल्या मुली भाद्रपद पौर्णिमेला मातीची भुलाबाई मांडतात, सोबत भुलोजी. संध्याकाळी गाणी, मग झाकलेली खिरापत ओळखायची, आणि महिनाभराने कोजागरीला समारोप. म्हणजे बहुतेक वर्षी भुलाबाई बसते तेव्हा चीनचा चंद्रोत्सव असतो आणि उठते तेव्हा आपला. ससा या खेळात नाही. माती आहे, मुली आहेत आणि दोन पौर्णिमा आहेत.

चिनी चंद्रोत्सव महाराष्ट्रात प्रत्यक्ष पाहायचा तर मुंबईत माझगावला जावे. डॉकयार्ड रोड स्थानकाजवळ नवाब टँक रस्त्यावर सी यिप कून हे चिनी मंदिर १९१९ पासून आहे. वरच्या मजल्यावर क्वान कुंग हा योद्धा देव. गोदीत आणि जहाजांवर कामाला आलेल्या कॅन्टनकडच्या लोकांची ही वस्ती. १९६२ च्या युद्धानंतर बरीच कुटुंबे निघून गेली. उरलेली चिनी नववर्षाला आणि चंद्रोत्सवाला इथे येतात.

ससा गेल्या काही दशकांत पुन्हा कामाला लागला आहे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चंद्राभोवती फिरत होते आणि उतरायला काही तास उरले होते. ह्यूस्टनहून सकाळच्या बातम्या वाचून दाखवताना अंतराळवीरांना सांगितले गेले की चंद्रावर चार हजार वर्षांपासून एक चिनी सुंदरी आणि तिचा मागच्या पायांवर उभा असलेला मोठा ससा राहतात, त्यांच्यावर नजर ठेवा. मायकेल कॉलिन्स यांनी थट्टेनेच हो म्हटले. उतरण्याची जागा होती शांततेचा समुद्र, म्हणजे नेमके सशाचे डोके. आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन तिथून साडेएकवीस किलो खडक आणि माती घेऊन आले, त्यातले काळे दगड बेसाल्ट.

चीनने आपल्या चांद्रयानांना छांग-अचे नाव दिले आणि गाडीला यूथू, म्हणजे जेड रत्नाचा ससा. पहिला यूथू १४ डिसेंबर २०१३ रोजी पावसाच्या समुद्रात उतरला: सशाच्याच अंगावर ससा. दीड महिन्याच्या आत त्याची चाके थांबली, उपकरणे मात्र बराच काळ बोलत राहिली. दुसरा यूथू ३ जानेवारी २०१९ रोजी चंद्राच्या पलीकडच्या बाजूला उतरला, जी पृथ्वीवरून कधीच दिसत नाही. १९५९ मध्ये सोव्हिएत ल्यूना ३ ने तिची पहिली छायाचित्रे पाठवली तेव्हा सगळ्यांना धक्का बसला होता, कारण तिकडे समुद्र जवळजवळ नव्हतेच. आपल्याकडच्या बाजूचा सुमारे ३१ टक्के भाग काळ्या बेसाल्टचा, पलीकडे जेमतेम दोन टक्के. तिकडचे कवच जाड आहे. लाव्ह्याला वर यायला वाट कमी मिळाली. आपले चांद्रयान ३ ज्या दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरले, तिथेही त्याच्या प्रज्ञान गाडीला फिकट उंचवट्याचीच माती मिळाली, सशाची नव्हे. जून २०२४ मध्ये छांग-अ ६ ने पलीकडून १,९३५.३ ग्रॅम नमुने आणले. त्यांतला बेसाल्ट सुमारे २.८ अब्ज वर्षांचा निघाला. म्हणजे तिकडेही काळा दगड आहे. ससा व्हायला पुरेल इतका नाही.